गाडीचा दम

त्या साली पाऊस बरा झाला, मका खांद्याएवढा आला. आटलं ते पेट्रोल. शहरातल्या पंपावर गाड्या दिवसदिवस रांगेत उभ्या राहायच्या आणि दुपार कलली की पंपवाला आडवी दोरी बांधून घरी जायचा. चिसोंग्यात मात्र वाकिसा मुंथालीच्या अंगणात पिवळे कॅन भरलेले असत. सरहद्दीपलीकडून माणसं सायकलींवर लादून ते आणत आणि वाकिसा ते बाटल्यांनी मोजून विकी. लुसेको म्हांगो पेट्रोलसाठी दुसरीकडं कुठं जाणारच नव्हता. वाकिसा त्याच्या बायकोचा, टिवोंगेचा, पाठचा भाऊ.

चिसोंगा गाव सरोवराच्या काठावर. गावाच्या पाठीला कडा उभा, आणि कड्यावर मिशनचा दवाखाना, शाळा, बाजार. सगळं वरच. गावातल्या बायका उसिपाची वाळकी मासळी पोत्यांत भरून वर न्यायच्या आणि बटाटे, वाटाणे घेऊन खाली यायच्या. वर जायचा रस्ता नुसता वळणांचा, दगडांचा. त्या रस्त्यावर रोज चालणारी गाडी एकच, लुसेकोची. जपानी माणसांनी वापरून टाकलेली, समुद्रावरून आलेली जुनी वॅगन. मागच्या गाद्या काढून त्यानं फळ्या ठोकल्या होत्या. मागचं दार ट्यूबच्या पट्टीनं बांधून ठेवावं लागे. पण इंजिन चांगलं होतं. चढावर त्याचा एकसारखा आवाज ऐकत बायका डुलक्या घेत.

मक्याला तुरे आले त्या सुमारास एका बाजारच्या दिवशी गाडीचा दम सुटला. रानउंबराच्या वळणावर लुसेकोनं गिअर उतरवला, पाय दाबला, आणि गाडी पुढं झेप घ्यायची ती मागं ओढल्यासारखी झाली. बॉनेटखाली कुणी डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज निघाला. एक हिसका, दुसरा हिसका. गाडी बंद पडली आणि मागं घरंगळायला लागली.

"दगड लावा, दगड!" लुसेको ओरडला. मागं बायकांत बसलेल्या टिवोंगेनं उडी मारून चाकाखाली दगड सारला.

बायका उतरल्या. कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या चितेंज्या आवळून ढकलायला लागल्या. न्यागोंडवे नावाची म्हातारी मासळीवाली तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "म्हांगो, भाडं आमी द्यायचं का तू? गाडीला आमीच घेऊन चाललोय."

"म्हातारी झालीय ती," दुसरी म्हणाली. "मालकासारखी. चढ दिसला की निजती."

सगळ्या हसल्या. लुसेकोही हसला, पण त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. सायलेन्सरमधून निघालेल्या काळ्या धुरानं ढकलणाऱ्या बायकांची पोटं, छात्या माखून गेल्या. वर पोचेतो बाजार निम्मा उठला होता.

*

ग्रिव्हन मसिस्का हा वरच्या बाजारातला मिस्त्री. गवती छपराखाली बसून इंजिनं खोलायचा. अंगाला ऑईलचा वास, बोलण्यात घाई. त्यानं प्लग काढले. काळेकुट्ट, ओलसर.

"पेट्रोल जळत न्हाई नीट. कुठलं भरतोस?"

"घरचंच. मेव्हण्याकडचं."

"मग ते सोड," ग्रिव्हन म्हणाला. "आपला मानूस आपल्याला काय इख देतो व्हय."

त्यानं टाकीची नळी सोडवली, स्वतःजवळच्या बाटलीतलं पेट्रोल वरून सोडलं आणि चावी फिरवायला सांगितलं. इंजिन पहिल्यासारखं गुरगुरलं. लुसेकोच्या चेहऱ्यावर तजेला आला.

"बघ, इंजिन साफ हाय. तुझ्या टाकीत गाळ बसलाय. फिल्टर तुंबलंय. बाकी काय न्हाई."

त्यानं टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदललं, प्लग घासले. गाडी खाली येताना गुणगुणत आली. लुसेकोनं गावात शिरताच वाकिसाच्या अंगणात गाडी घातली आणि टाकी भरून घेतली. "दाजी, झाली का ठीक?" वाकिसानं विचारलं. तो कॅन तिरपा धरून फडक्यातून पेट्रोल गाळत होता. काळजीनं गाळायचा तो. कचरा जाऊ द्यायचा नाही.

"झाली. गाळ हुता म्हने."

"मग बरं झालं," वाकिसा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

पुढच्याच बाजाराला गाडीनं पुन्हा दम टाकला. त्यानंतर लुसेकोचा दिवस बॉनेटखाली उजाडायला लागला. एक वायर हलवून बघ, एक पाईप फुंकून बघ. हवेची जाळी त्यानं इतकी झटकली की ती फाटली. टिवोंगे कसाव्याच्या शेतात खुरपून यायची तेव्हा त्याचे नुसते पाय दिसायचे गाडीखाली. ती सिमाचं, मक्याच्या उकडीचं ताट आणून ठेवी, ते गार होऊन वर साय धरी. त्याच्या बोटांच्या पेरांवरचं कातडं सोललं होतं. नटावरून पाना सटके आणि हात आदळे. तो शिवी देत नसे, नुसता हात काखेत दाबून बसे.

"विकून टाकू या का?" टिवोंगेनं एकदा विचारलं.

"आजारी म्हस कोन घेतो?" तो म्हणाला. "आन् हिला झालंय काय ते तर कळू दे मला."

*

वाकिसाची बायको लुगानो पहिलटकरीण होती. अंगानं बारीक, बोलणं मऊ. नणंदेला, टिवोंगेला, ती फार धरून होती. पोट खाली उतरल्यापासून टिवोंगे रोज तिच्याकडं पाणी भरून देई.

कळा सकाळीच सुरू झाल्या. उन्हं डोक्यावर आली तरी पुढं काही सरेना. वाकिसाची म्हातारी आई गावातली निम्मी पोरं आपल्या हातांनी सोडवलेली. तिनं पोट चाचपलं, आणि हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "पोर आडवं हाय. वर न्या हिला. बसू नका."

लुसेकोनं गाडी काढली. वाकिसानं स्वतः कॅन आणून टाकीत ओतला. ओतताना त्याचा हात थरथरत होता, पेट्रोल पत्र्यावर सांडलं. लुगानोला फळीवर आडवं केलं, डोकं टिवोंगेच्या मांडीवर. म्हातारी पायांशी. वाकिसा पुढं, लुसेकोच्या शेजारी.

खालची वळणं गाडीनं रडतखडत काढली. रानउंबर मागं पडला. वरच्या खडकाळ टप्प्यावर, जिथं रस्ता कड्याला चिकटून जातो, तिथं खडे वाजायला लागले. लुसेको पुढं वाकला, जणू अंगानंच गाडी ओढतो आहे. गाडी थांबली. त्यानं चावी फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर आला, बंद. पुन्हा. पुन्हा. मग बॅटरीही मंद झाली.

वाकिसा आणि लुसेको दोघं उतरून ढकलू लागले. ऊन असं की पत्र्याला हात लावला की कातडी चिकटावी. गाडी हातभर सरके आणि थांबे. लुगानो ओरडत नव्हती. दात आवळून टिवोंगेची चितेंजी चावत होती.

"फळी काढा," म्हातारी म्हणाली.

फळीचे खिळे उपटले. लुगानोला फळीवर बांधली. वरून बटाट्याची पोती घेऊन येणारे चार गडी भेटले, त्यांनी पोती टाकून खांदा दिला. टिवोंगे बाजूनं चालत होती, लुगानोचं तोंड उन्हात येऊ नये म्हणून चितेंजी ताणून धरत. दवाखान्याचं पांढरं छप्पर दिसायला लागलं तेव्हा लुगानोचं अंग एकदम सैल पडलं.

दवाखान्यात बाईला वाचवलं. पोर निळं होतं. मुलगा होता. तो रडलाच नाही.

*

जे पोर रडलं नाही त्याला बायकाच पुरतात. पुरुष तिकडं फिरकत नाहीत. टिवोंगेनं ते गाठोडं छातीशी धरून खाली आणलं. म्हातारीनं केळीच्या बुंध्याजवळ कुदळीनं खड्डा घेतला. जमीन ओली होती, फार खणावं लागलं नाही. न्यागोंडवेनं माती लोटली. कुणी मोठ्यानं रडायचं नसतं, म्हणून बायका नाक ओढत उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा अंगणात पुरुष बसले होते. लुसेको कडेला, हातातली टोपी मुरगाळत. वाकिसा उठला आणि सरळ त्याच्यापुढं आला.

"दाजी, गाडी बिघडलेली हाय ते तुमाला ठावं हुतं का न्हाई?"

लुसेको उठून उभा राहिला.

"ठावं हुतं. बायका ढकलत्यात, समद्या गावाला ठावं हाय. आन् तसल्या गाडीत माझी बायको घातली तुमी. तुमच्या त्या मडक्यानं माझं पोर मारलं."

"वाकिसा," टिवोंगे म्हणाली.

"तू गप ऱ्हा, आक्का. तुला नवरा हाय, पोरं हायत."

कुणीतरी वाकिसाला धरून मागं नेलं. लुसेको टोपी मुरगाळतच राहिला. जाताना एकेक माणूस उठला, पण त्याच्याशी कुणी हात मिळवला नाही.

त्या दिवसापासून गाडीत कुणी बसेना. लुसेको बाजारच्या सकाळी नेहमीच्या झाडाखाली गाडी लावून बसे. बायका पोती डोक्यावर घेऊन त्याच्या समोरून पायवाटेला लागत. न्यागोंडवेही गेली, थट्टा न करता गेली. त्याला तेच जास्त लागलं. टिवोंगेही पोतं डोक्यावर घेऊन त्यांच्याबरोबर चढायला लागली, कारण घरात पीठ लागतच होतं. पायवाट सरळ कड्यावर चढते. तिथं गुडघे छातीला लागतात. ती परत यायची तेव्हा मानेतून कळ निघायची आणि मासळीचं पाणी पाठीवर वाळून खरखरीत झालेलं असायचं.

लुसेकोनं इंजिन उघडलं. अंगणात पोतं अंथरून त्यावर एकेक भाग मांडला. इंजिनाचं वरचं डोकं सोडवून ग्रिव्हनकडं नेलं. त्यानं व्हॉल्व्ह घासून दिले, आत साठलेली काजळी खरवडली, उजेडात धरून पाहिलं. कुठं तडा नाही, कुठं झीज नाही. "गाडी तुझ्यामाझ्यापेक्षा धडधाकट हाय," ग्रिव्हन म्हणाला. लुसेकोला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण काही मोडलेलं सापडत नव्हतं, तेच त्याला खायला लागलं. मोडलेलं सापडलं असतं तर ते हातात धरून त्याला लोकांना दाखवता आलं असतं.

*

उरलेल्या पेट्रोलमध्ये त्यानं परातीत नटबोल्ट भिजत घातले आणि टिवोंगेला म्हणाला, "एवढं पुसून ठेव. मी जोडाला लावायची पेस्ट घेऊन येतो."

ती परातीशी बसली. नट काढून चिंधीनं पुसायला लागली. पेट्रोल हाताला लागलं की गार वाटतं आणि क्षणात उडून जातं, कातडी पांढरी पडते. तिनं इतक्या वर्षांत ते शंभरदा पाहिलं होतं. आज हात कोरडे होईनात. चिकट, तुळतुळीत राहिले. साबणानं धुतले, राखेनं घासले. पीठ मळायला बसली तेव्हा त्याला वास यायला लागला. तो वास तिच्या ओळखीचा होता. लग्नाआधी बापाच्या घरी संध्याकाळी कंदील भरायचं काम तिचंच असे.

रॉकेल.

ती पिठातले हात तसेच घेऊन उभी राहिली. मग भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, परातीतले थेंब त्यावर टाकले आणि पान उन्हात दगडाखाली ठेवलं. कडा लगेच वाळल्या. मधला डाग मात्र राहिला, तळलेले मांदाझी बांधलेल्या कागदावर राहतो तसा. तिनं बोट लावलं. बोट माखलं.

पान घडी करून तिनं चोळीत खोचलं आणि भावाच्या घराकडं निघाली.

वाकिसा मागच्या अंगणात कॅन धूत होता. म्हातारी आई सावलीत शेंगा फोडत होती. टिवोंगेनं पान त्याच्या पुढ्यात टाकलं.

"काय हे?"

"तुझं पेट्रोल."

वाकिसानं पानाकडं पाहिलं. उचललं नाही. बाजूच्या पडवीकडं एकदा बघून घेतलं. पडवीत लुगानो निजली होती, दूध थांबावं म्हणून छातीला फडकं आवळून.

"हळू बोल," तो म्हणाला.

"किती घालतोस?"

"थोडं. समदेच घालत्यात, आक्का. पलीकडून येतंय त्यातच असतं कवाकवा."

"तू घालतोस का न्हाई?"

तो कॅनमध्ये पाणी खळखळवत राहिला. "मालच येईना. गिऱ्हाईक दारात उभं. थोडं वाढवलं. गाड्या चालत्यात त्यावर, मोटारसायकली चालत्यात. सपाटीला काय हुत न्हाई. मला काय ठावं तिला त्याच हप्त्यात कळा यायच्या?"

"त्या दिवशी तूच वतलंस टाकीत. आन् तुझा हात थरथरत हुता. म्या बघितलं."

"दुसरं नव्हतं घरात!" तो पहिल्यांदा मोठ्यानं बोलला आणि लगेच आवाज खाली आणला. "मला वाटलं, चढंल. म्या देवाला म्हनलं, एवढ्या टायमाला चढू दे."

"आन् मग पुरुषांत उभा ऱ्हाऊन माझ्या नवऱ्याच्या अंगावर गेलास."

"मग काय करू? लुगानोला काय सांगू? सांग तूच."

म्हातारीचे हात शेंगांवर थांबले होते. ती टिवोंगेकडं न बघता म्हणाली, "त्याचं पोर गेलंय. आता बायकू बी जाऊ दे म्हन. तुझ्या एका सबुदानं ती बापाच्या घरी जाईल, परत यायची न्हाई."

"आन् माझ्या घरात माझा नवरा जित्ता मेलाय ते न्हाई दिसत तुला, आये?"

म्हातारी पुन्हा शेंगा फोडायला लागली. वाकिसा उठला. भिजलेले हात पुसत जवळ आला, लहानपणी काही फोडलं की यायचा तसा, खांदे पाडून.

"आक्का, रविवारी म्या समद्यांसमोर बोलतो. चर्चमधी. दाजीवरचा डाग काढतो. पर मला माझ्या तोंडानं बोलू दे. तवर दाजीला सांगू नगंस."

टिवोंगेनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. तिनं ते पान उचललं, परत चोळीत खोचलं आणि घरी आली. लुसेकोला काही बोलली नाही. त्याच्या नावावरचा डाग ज्यानं लावला त्याच्याच तोंडून निघावा, असं तिला वाटलं.

*

रविवारी चर्च भरलं होतं. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका. लुगानो पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. टिवोंगेला टेकून बसली. तिचं अंग अजून तापलेलं लागत होतं.

गाणी झाली. वाकिसा उभा राहिला. धुतलेला सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत. वडीलधाऱ्यांनी मान हलवली तसा तो पुढं आला.

"माझं लेकरू गेलं त्या दिवशी म्या माझ्या दाजींना नको ते बोललो. दुःख हुतं, डोकं ठिकानावर नव्हतं." त्याचा आवाज फुटला. टिवोंगेनं श्वास धरला. "दाजी गरीब मानूस हायत. गाडी जुनी हाय. चूक कुनाच्या हातनं हुत न्हाई? म्या तवापासून झोपलो न्हाई. आज देवाच्या समोर, तुमा समद्यांसमोर, म्या त्यांना माफ करतो. माझ्या मनात आता काय न्हाई."

सगळ्या चर्चमधून एक सुस्कारा निघाला. कुणी "आमेन" म्हणालं. बायका डोळे पुसायला लागल्या. न्यागोंडवे कुजबुजली, "मन बघा पोराचं."

पुरुषांच्या बाजूनं लुसेको उठला. तो हळूहळू मधल्या वाटेनं गेला, वाकिसापुढं गुडघे वाकवून दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि मान खाली घातली. "उपकार झाले," तो म्हणाला. मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं.

टिवोंगे उठायला लागली. तिचे पाय सरळ झाले होते, पान चोळीत टोचत होतं. तेवढ्यात लुगानोनं तिचा हात धरला, आपल्या गालाला लावला. गाल ओला होता.

"वन्सं," ती म्हणाली, "रोज ते अंगनात फेऱ्या घालायचे, जेवायचे न्हाईत. मला वाटायचं, मानूस खुळा हुतो आता. आज सुटले बघा. मला बी आता झोप लागंल."

टिवोंगे खाली बसली.

*

बाहेर पडल्यावर वाकिसानं लुसेकोला थांबवलं आणि एक भरलेला कॅन त्याच्या खांद्यावर दिला. लोक बघत होते. "फुकट, दाजी. गाडी काढा आता." टिवोंगेकडं त्यानं बघितलं नाही.

लुसेको घरापर्यंत तो कॅन खांद्यावर घेऊन आला. किती तरी दिवसांनी त्याची पाठ सरळ होती. वाटेत दोघातिघांनी त्याच्याशी हात मिळवला होता.

"तुझा भाऊ मोठ्या मनाचा निघाला," तो म्हणाला. "म्या असतो तर माझ्यानं न्हाई झालं असतं."

अंगणात आल्यावर त्यानं कॅन खाली ठेवला. टिवोंगेनं चोळीतलं पान काढलं. घामानं मऊ झालेलं. तिनं सगळं सांगितलं; वाकिसा काय म्हणाला, आई काय म्हणाली, काही वगळलं नाही. लुसेकोनं कॅनचं झाकण उघडलं, तळहातावर थोडं ओतलं आणि हात तसाच उन्हात धरून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग तळहातावर अंगठा फिरवला.

"तुला कवा कळलं?"

"बुधवारी."

"म्हंजी म्या तिथं गुडघं वाकवलं तवा तुला ठावं हुतं."

"तो खरं बोलंल असं वाटलं मला. मग मी उठत हुते. लुगानोनं हात धरला."

"आन् माझा?" लुसेको म्हणाला.

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं हात सदऱ्याला पुसला, कॅन उचलला, कुंपणापलीकडं नेऊन उपडा केला. पेट्रोल गुळगुळत जमिनीत गेलं.

"चल त्याच्याकडं," ती म्हणाली. "आत्ता जाऊ. समद्यांना बोलवू. मी सांगते."

"आता? आता गेलो तर लोक म्हनतील, माफी पचली न्हाई." तो पोत्यावर मांडलेल्या सुट्या भागांपाशी बसला आणि एकेक नट उचलून पाहायला लागला. "जा, चूल पेटव."

*

इंजिन त्यानं एकट्यानं जोडलं. मालाच्या ट्रकवर बसून शहराला गेला, रांगेत झोपला, आणि पंपावरचं पेट्रोल घेऊन आला. टाकी धुतली, नवे प्लग घातले. चावी फिरवली तशी गाडी पहिल्या दमात सुरू झाली. धूर नाही, खडे नाहीत. तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. टिवोंगे दारात आली होती. तिच्याकडं वळून तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं. त्यानं बॉनेट आपटून बंद केलं.

आताशा तो तिच्या हातचं जेवायचा, पण ताट घेऊन गाडीत बसून जेवायचा.

बाजारच्या दिवशी बायका झाडाखाली जमल्या. आधी कुणी पुढं होईना. मग न्यागोंडवेनं पोतं आत टाकलं आणि चढली, तशा बाकीच्या चढल्या. लुगानोला वर दवाखान्यात दाखवायचं होतं. तिला पुढं, लुसेकोच्या शेजारी बसवलं. टिवोंगे मागं फळीवर, पोत्यांत.

गाडी चढायला लागली. रानउंबर गेला, पुढचं वळण गेलं. इंजिन एका सुरात बोलत होतं.

"आयायाया," न्यागोंडवे म्हणाली, "ही कोनाची गाडी? म्हांगो, तू बदललीस काय रं?"

"माफी मिळाली न्हवं," दुसरी म्हणाली. "मानसाच्या उरावरचा दगूड उतरला, तसा गाडीच्या बी उतरला."

"खरं हाय. त्या पोराच्या तोंडात देव हाय. मुंथालीची लेक तू, नशीबवान हायस, असा भाऊ मिळाला."

टिवोंगेनं पोत्याची दोरी मुठीत धरली. आरशात लुसेकोचे डोळे दिसत होते. ते तिच्यावर होते. खडकाळ टप्पा आला, तिथं लुगानोनं डोळे मिटून घेतले. बायकाही गप्प झाल्या. गाडी न अडखळता तिथून वर निघाली.

वर पोचल्यावर बायका पोती उतरवायला लागल्या. लुगानो उतरली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत होती.

"दाजी," ती म्हणाली, मऊ आवाजात, राग अजिबात नव्हता, "किती सोपी चढली आज. तवाच अशी दुरुस्त केली असती तर..."



टिवोंगे फळीवरून उठली. तिनं तोंड उघडलं. लुसेकोनं मागं न वळता हात किंचित वर केला, तिला थांबवायला, जसा रस्त्यावर गुरांना करतात तसा.

"व्हय," तो लुगानोला म्हणाला. "चुकलं माझं."

मग उतरून त्यानं तिच्या बाजूचं दार उघडलं, आणि ती पाय खाली टेकेपर्यंत धरून उभा राहिला.